घर पाहावे बांधून, पण आधी कागद पाहावा वाचून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. लग्नात चार दिवस धावपळ होते आणि मग मांडव उतरतो. घराचा मांडव मात्र वीस वर्षे उभा असतो, आणि त्याचा खर्च दर महिन्याला पगार हाती पडताच कापून जातो. म्हणून घर घेण्याआधी चार ठिकाणी विचारावे, चार कागद वाचावेत आणि मगच विसार द्यावा, हे प्रत्येक संसारी माणसाला ठाऊक असते. तरीही फसगत होतेच. ती कशी होते आणि कशी टाळता येते, हे रायपूरच्या आसपासच्या गावांमध्ये पाहण्यासारखे आहे.

रायपूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोहोचली आणि तिच्यामागोमाग मराठी कुटुंबेही तिकडे गेली. रायपूरचा तात्यापारा आजही त्या काळाची आठवण देतो. १९३५ मध्ये स्थापन झालेले तेथील महाराष्ट्र मंडळ अजून गजबजलेले असते. पण १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि जागेचे भाव बदलले. शहराबाहेर नवा रायपूर उभा राहू लागला, २०१२ मध्ये मंत्रालयही तिकडे गेले. जुन्या घरात भावाभावांची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड खोली येते. मग धाकट्या सुनेच्या मनात स्वतःच्या स्वयंपाकघराचा विचार घोळू लागतो. शहरात परवडत नाही, म्हणून पावले बाहेर वळतात. अभनपूर, आरंग, मंदिर हसौद, धरसींवा ही नावे घरातल्या बोलण्यात येऊ लागतात.

मग एखाद्या रविवारी नवरा-बायको स्कूटरवरून प्लॉट पाहायला निघतात. धानाच्या शेतात चुन्याच्या रेषा मारलेल्या असतात, कडेला फलक असतो आणि त्यावर भावाखाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते, "सरकारी कर्जाची सोय". या तीन शब्दांवर भरवसा ठेवून पुष्कळ कुटुंबे आयुष्यभराची पुंजी पुढे करतात. त्यांचा अर्थ आधी समजून घ्यायला हवा.

सरकारी कर्ज म्हणजे नेमके काय?

खरे तर सरकार सामान्य माणसाला घरासाठी स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँक देते किंवा गृहवित्त कंपनी देते. सरकारची मदत तीन वेगवेगळ्या रूपांनी येते आणि लोक त्या तिन्हींना एकच समजतात.

पहिले रूप म्हणजे अनुदान. हे परत फेडायचे नसते. खेड्यातील गरिबांसाठी १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. तिच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये घर बांधण्यासाठी मिळू लागले. रक्कम हप्त्याहप्त्याने थेट खात्यात जमा होते आणि बांधकाम किती झाले याचे फोटो काढले जातात. हवे असल्यास ७० हजार रुपयांपर्यंतचे कर्जही मिळवून देण्याची तरतूद या योजनेत ठेवण्यात आली. पण हे अनुदान ज्यांना पक्के घर नाही अशा गरीब ग्रामीण कुटुंबांसाठी आहे आणि नावे ग्रामसभेसमोर तपासली जातात. शहरातून येऊन गावात प्लॉट घेणाऱ्या नोकरदाराचा त्याच्याशी संबंध नाही. एखादा दलाल "सरपंचाशी बोलून तुमचेही नाव यादीत घालतो" म्हणाला, तर तेथूनच परत फिरावे.

ज्यांना हा हक्क आहे त्यांनीही पैसा खात्यात येण्याआधी जुने घर पाडू नये. या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०-४० या प्रमाणात उचलतात. राज्याचा वाटा न आल्यामुळे केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये छत्तीसगडचे त्या वर्षीचे ७ लाख ८० हजारांहून अधिक घरांचे उद्दिष्ट मागे घेतले होते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने १८ लाख घरांना मंजुरी दिली. दोन सरकारांमधील हिशेब मिटायला वेळ लागतो, आणि तोवर पावसाळा थांबत नाही.

दुसरे रूप म्हणजे व्याजातील सवलत. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७-९८ मध्ये, राष्ट्रीय आवास बँकेने सुवर्णजयंती ग्रामीण गृहवित्त योजना आणली. खेड्यातही बँकांनी घरासाठी कर्ज द्यावे, हा तिचा हेतू होता. २०१५ नंतर शहरी आवास योजनेत व्याज सवलत सुरू झाली. दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ती मार्च २०२२ मध्ये, तर मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ मध्ये संपली. त्या वेळची "पावणेतीन लाख माफ" ही भाषा काही फलकांवर अजून राहिली आहे. ती वाचून हुरळून जाऊ नये. १ सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा लागू झाला आणि त्याचे नियम वेगळे आहेत. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर चार टक्के व्याज सवलत मिळते. ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असते आणि पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. कुटुंबातील कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर असता कामा नये. सवलत घर घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी आहे, नुसता प्लॉट घेऊन ठेवण्यासाठी नव्हे.

येथे रायपूरच्या आसपासच्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. गाव ग्रामपंचायतीचे, मग योजना शहरी कशी? पण शहरालगतची काही गावे विकास प्राधिकरणाच्या किंवा अधिसूचित नियोजन क्षेत्राच्या हद्दीत येतात आणि तेथे शहरी योजना लागू होऊ शकते. म्हणून आपण पाहिलेला खसरा क्रमांक कोणत्या हद्दीत येतो, हे नगर व ग्राम निवेश कार्यालयात विचारून घ्यावे. बँकेतही तोच पहिला प्रश्न असावा. विक्रेत्याचे तोंडी उत्तर पुरेसे नाही.

तिसरे रूप म्हणजे हमी, आणि सर्वांत मोठा गैरसमज येथेच होतो. कमी उत्पन्नाच्या लोकांना तारण किंवा जामीनदार नसला तरी लहान गृहकर्ज मिळावे, म्हणून २०१२ मध्ये कर्जहमी निधी उभारण्यात आला. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हा निधी १ हजार कोटींवरून ३ हजार कोटींवर नेण्याचे ठरले. पण ही हमी बँकेला असते. कर्जदाराने हप्ते थकवले तर बँकेचे नुकसान काही अंशी भरून निघते. कर्जदाराचे कर्ज त्यामुळे माफ होत नाही आणि घरही वाचत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक साठ दिवसांची नोटीस देऊन तारण ठेवलेले घर ताब्यात घेऊ शकते.

अमेरिकेतही अशीच रीत आहे. तेथे १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यापासून ग्रामीण घरांसाठी शेती खाते मदत करते आणि त्या खात्याच्या हमीवर हातात एक पैसा नसतानाही पूर्ण किमतीचे कर्ज मिळू शकते. पण तेथेही घर खात्याने ठरवलेल्या ग्रामीण हद्दीत आहे की नाही, आणि ते घर त्या किमतीचे आहे की नाही, हे आधी तपासले जाते. सरकार पाठीशी उभे राहते ते तपासलेल्या घराच्या.

बँकेचा नकार हा फुकटचा सल्ला

आता समजा, एका कुटुंबाने दोन प्लॉट पाहिले. नवरा खासगी शाळेत शिक्षक, बायको घरी शिवणकाम करते, दोन मुले आणि सासूबाई. पहिला प्लॉट सहा लाखांना आहे. दुसरा तेवढाच मोठा, रस्त्याच्या जवळ आणि साडेतीन लाखांना. पहिल्यावर बँक कर्ज द्यायला तयार आहे. दुसऱ्यावर नाही म्हणते. घरात चर्चा होते. नवरा म्हणतो, "बँकवाल्यांचे काय, त्यांना कागदांचा सोसच असतो." सासूबाई म्हणतात, "अडीच लाख वाचतात रे, मुलीच्या लग्नाला होतील." आणि बायको विचारते, "अहो, पण स्वस्त का आहे, ते कोणी विचारले का?"

तिचा प्रश्न खरा आहे. त्या प्लॉटवर कोणीच कर्ज देत नाही, म्हणून तो स्वस्त आहे. जेथे फक्त रोख रक्कमवालाच घेऊ शकतो तेथे गिऱ्हाईक कमी आणि भावही कमी. उद्या अडचणीत तो विकायचा झाला तर पुन्हा रोख रक्कमवालाच शोधावा लागेल. बँक कर्ज देण्याआधी आपल्या वकिलाकडून जमिनीच्या मागच्या अनेक वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेते, अभियंत्याकडून मोजमाप आणि किंमत तपासून घेते. नाममात्र फी भरून अशी तपासणी सामान्य माणसाला दुसरीकडे कोठे मिळणार? म्हणून बँकेचा नकार हा अपमान मानू नये. "नाही" म्हणाली, तर "का नाही?" हे शांतपणे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.

बहुतेक वेळा उत्तर एकच असते. जमीन अजून शेतीची आहे. सरफेसी कायद्याची ती जलद जप्ती शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून शेतजमिनीवर बांधलेल्या घराचे तारण बँकेच्या दृष्टीने कमकुवत ठरते आणि ती गृहकर्ज टाळते. कोणतीही सरकारी सवलत ही अडचण दूर करत नाही, कारण सवलत कर्जामागून येते आणि कर्ज जमिनीच्या कागदामागून.

अशा वेळी खरा धोका पुढे असतो. बँक नाही म्हणाली म्हणून माणूस खासगी सावकाराकडे वळतो. शेकडा दोन रुपये महिना हा दर ऐकायला लहान वाटतो. पण चार लाखांवर तो महिन्याला ८ हजार आणि वर्षाला ९६ हजार रुपये होतो, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. रायपूरच्या मराठी समाजाला तर हे निराळे सांगायला नको. शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून वामनराव लाखे यांनी तेथे १९१३ मध्ये सहकारी बँकेचा पाया घातला. ज्या गावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा विचार रुजला, तेथे घराच्या हौसेपायी पुन्हा त्याच दारात जाणे बरे नव्हे.

कोणते कागद पाहावेत?

महाराष्ट्रात सातबारा पाहतात, तसे छत्तीसगडात खसरा आणि बी-१ पाहतात. तलाठ्याच्या जागी तेथे पटवारी असतो. फेरफाराला नामांतरण म्हणतात आणि एन.ए. म्हणजे अकृषिक करण्याला व्यपवर्तन, बोलीत डायव्हर्शन. खसरा आणि बी-१ हे उतारे राज्याच्या "भुइयां" या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. विक्रेत्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. स्वतः उतारा काढून नाव, क्षेत्र आणि बोजा ताडून पाहावा.

डायव्हर्शन झाले आहे का, हा पहिला प्रश्न. "रजिस्ट्रीनंतर करून देतो" हे उत्तर स्वीकारू नये. दुसरा प्रश्न तुकड्याचा. शेतजमिनीचे बारीक तुकडे विकण्याचा प्रकार थांबावा म्हणून छत्तीसगडने २०२५ मध्ये भू-राजस्व संहितेत दुरुस्ती केली आणि ग्रामीण भागातील शेतजमिनीचा पाच डिसमिलपेक्षा लहान तुकडा पाडून विकण्यास बंदी घातली. पाच डिसमिल म्हणजे २,१७८ चौरस फूट. यावर उपाय म्हणून कोणी सुचवेल, की चौघे मिळून एकत्र रजिस्ट्री करा आणि आपसात वाटून घ्या. यातही अडकू नये. सामाईक खात्यात आपला कोपरा कोणता, हे कागद सांगत नाही. चौघांपैकी एकाचे बिनसले तर चौघेही अडकतात.

तिसरा प्रश्न, जमीन मुळात विकता येण्यासारखी आहे का? गावच्या कोटवाराला सेवेबद्दल दिलेली जमीन विकता येत नाही. सरकारने पट्ट्याने दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने घेण्यावर तर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. असा व्यवहार पुढे रद्द झाला तर पैसेही जातात आणि घरही. शिवाय एका गरीब कुटुंबाची जमीन बळकावल्याचा दोष माथी येतो तो वेगळाच.

चौथा प्रश्न रस्त्याचा. आज शेतातून जाणारी वाट कोणाच्या खसऱ्यातून जाते? नकाशावर रस्ता नसेल तर उद्या शेजारचा शेतकरी कुंपण घालील आणि तो त्याच्या हक्कातच असेल. पाचवा प्रश्न वसाहतीच्या मंजुरीचा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठांहून अधिक प्लॉट पाडून विक्री होत असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक मागावा आणि स्वतः तपासावा.

गावठाणातल्या, म्हणजे आबादीतल्या, घरांची गोष्ट निराळी. पिढ्यान्पिढ्या लोक तेथे राहत आले, पण घराचा कागद नव्हता आणि म्हणून कर्जही नव्हते. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने आबादीची मोजणी होऊ लागली आणि घरमालकांना मालमत्ता पत्रके मिळू लागली. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात ६५ लाखांहून अधिक पत्रके वाटण्यात आली, त्यात छत्तीसगडही होते. गावात वडिलोपार्जित घर असेल तर नवा प्लॉट शोधण्याआधी या पत्रकाची चौकशी करावी. जुन्या खपरेलच्या जागी पक्के घर बांधायला तेच पुरेसे ठरू शकते.

शेवटी नामांतरण. रजिस्ट्री झाली म्हणजे सारे झाले, असे समजून लोक वर्षानुवर्षे गप्प राहतात आणि उताऱ्यावर जुनेच नाव राहते. मग तीच जमीन दुसऱ्याला विकल्याचे कळते. २०२५ पासून छत्तीसगडात रजिस्ट्रीबरोबरच नामांतरण करण्याची व्यवस्था आली आहे. तरीही महिनाभराने उतारा काढून आपले नाव आले की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

हप्त्याचे गणित

आता त्या शिक्षक कुटुंबाने कागद पाहून पहिला प्लॉट पसंत केला आणि घरासह १५ लाखांचे कर्ज घ्यायचे ठरवले, असे धरू. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे असेल तर हप्ता सुमारे १३,०१७ रुपये येतो. वीस वर्षांत बँकेला एकूण ३१ लाख २४ हजार रुपये जातात. म्हणजे १५ लाखांच्या कर्जाला १६ लाखांहून अधिक व्याज.

तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे १४,७७१ रुपये होतो. महिन्याला १,७५४ रुपये जास्त. पण एकूण रक्कम २६ लाख ५९ हजारांवर येते आणि ४ लाख ६५ हजार रुपये वाचतात. सरकारची सवलत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आहे. संसारातली थोडी काटकसर तिच्या अडीच पट देते. सवलतीसाठी अर्ज जरूर करावा, पण ती मिळते म्हणून ऐपतीपेक्षा मोठे घर घेऊ नये. आणि घाईने मोठी रक्कम फेडण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. सवलतीचा वार्षिक हप्ता मिळताना कर्ज चालू असावे आणि निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावे, अशी अट आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देऊ शकते. उरलेले दहा टक्के आपले. शिवाय १० लाखांवरच्या घराच्या बाबतीत मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाहीत. तोही आपलाच. मग विजेचे मीटर, बोअर, कुंपण आहेतच. या खर्चासाठी वेगळे पैसे बाजूला नसतील तर पहिल्याच वर्षी बायकोच्या पाटल्या गहाण पडतात.

ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने व्याज, फी आणि सर्व खर्च एका कागदावर मांडून द्यावे लागतात. हा कागद सही करण्याआधी घरी आणावा आणि रात्री जेवणे उरकल्यावर दोघांनी मिळून वाचावा. बदलत्या दराचे कर्ज मुदतीआधी फेडल्यास व्यक्तीकडून दंड घेता येत नाही. कर्जाबरोबर विमा घेणे शहाणपणाचे आहे, कारण कमावत्या माणसाचे बरेवाईट झाले तरी हप्ता थांबत नाही. पण तो विमा बँक सांगेल त्याच कंपनीचा घ्यावा, अशी सक्ती नाही. चार ठिकाणी भाव विचारावा.

नाव कोणाचे?

बऱ्याच घरांत बायकोची सही कर्जाच्या कागदावर घेतात, कारण तिचे थोडे उत्पन्न धरले की कर्ज वाढून मिळते. खरेदीखतावर मात्र एकट्या नवऱ्याचे नाव असते. तिला हे कळतही नाही. याचा अर्थ, कर्जाची जबाबदारी दोघांची आणि घर एकाचे. उद्या दिवस फिरले तर बँक तिच्याकडे हप्ता मागेल आणि सासरचे नातेवाईक तिला घरातून जायला सांगतील. म्हणून नियम सोपा ठेवावा. ज्या हाताची सही कर्जावर, त्याचे नाव खरेदीखतावर.

आवास योजनांनीही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असण्यावर भर दिला आहे. छत्तीसगडात स्त्रीच्या नावे खरेदी असल्यास शुल्कात सवलत मिळत आली आहे, तिचा चालू दर रजिस्ट्रीच्या वेळी विचारावा. पण नाव फक्त सवलतीपुरते देऊ नये. खरेदीखत कोणत्या कपाटात आहे, हप्ता कोणत्या खात्यातून जातो आणि विम्याची पावती कोठे आहे, हे तिला माहीत असले पाहिजे.

माती आणि पाणीही पाहा

कागद उत्तम असले तरी घर शेवटी मातीवर उभे राहते. छत्तीसगडचा शेतकरी मातीला नावाने ओळखतो. भाठा म्हणजे मुरमाड, कठीण जमीन. मटासी पिवळसर. कन्हार म्हणजे काळी, चिकण माती. कन्हार पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नेहमीचा उथळ पाया घातला तर भिंतींना तडे जातात. पाया मजबूत करायचा म्हणजे खर्च वाढतो. तो अंदाज कर्ज मागण्यापूर्वीच अभियंत्याकडून घ्यावा. प्लॉट दोनदा पाहावा, एकदा भर श्रावणात आणि एकदा मे महिन्यात. श्रावणात पाणी कोठे साचते ते कळते, मे महिन्यात शेजारच्या बोअरला पाणी आहे की नाही ते कळते. शेजारच्या घरातील बाईला पाण्याविषयी विचारावे, तिच्याइतके खरे कोणी सांगत नाही.

बांधकामाच्या कर्जाची रक्कम एकदम मिळत नाही. पाया, भिंती, छत असे काम पुढे सरकेल तशी ती मिळते. घर पूर्ण होईपर्यंत जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावर व्याज सुरू होते आणि इकडे जुन्या घराचे भाडेही चालू राहते. या दुहेरी खर्चाचे सहा-आठ महिने आधीच हिशेबात धरावेत. ठेकेदाराला काम पाहून पैसे द्यावेत आणि प्रत्येक पावती जपावी.

सगळे नीट पार पडले की पंधरा-वीस वर्षांनी शेवटचा हप्ता जातो. घरात पेढे येतात आणि बँकेत ठेवलेले मूळ कागद विसरले जातात. तसे करू नये. पूर्ण परतफेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत देणे आणि बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद आले की ते यादीशी ताडून पाहावेत, उताऱ्यावरचा बोजा गेल्याची खात्री करावी आणि मुलांना समोर बसवून ती फाइल एकदा उघडून दाखवावी. कोणता कागद कशाचा, हे त्यांना आईवडिलांच्या तोंडून कळलेले बरे.